समुद्रदेवाचं देऊळ कशाचं?

दोस्तांनो, चला बसमध्ये! खिडकी मात्र उजवीकडची पकडा हं. आपण ग्रीस देशात आहोत आणि अथेन्स शहरातून निघालोय सुनियोला. अंतर साधारण 70 किलोमीटर. रस्ता बराचसा समुद्राच्या कडेकडेनं. एक वळण घेतलं की निळं पाणी, पुढचं वळण घेतलं की आणखी निळं पाणी!

आणि मग जमीनच संपते! समोर उंच कडा, तीन बाजूंना समुद्र. जमिनीचं असं समुद्रात घुसलेलं टोक म्हणजे भूशिर. त्याच्या अगदी माथ्यावर पांढरेशुभ्र खांब! हे पोसायडनचं देऊळ. पोसायडन म्हणजे जुन्या ग्रीक लोकांचा समुद्रदेव. परतणाऱ्या खलाशांना त्याचं देऊळ लांबूनच दिसायचं. देवळाचं वय? सुमारे 2,450 वर्षं!

छप्पर कधीच गेलं. बाहेरच्या 34 खांबांपैकी निम्मेही उरले नाहीत. पण एक खांब नीट बघा बरं. अख्खा दगड नाहीच तो! जाडजूड गोल तुकडे एकावर एक रचलेत. अगदी लगोरी! फक्त ही लगोरी 6 मीटर उंच. अंगावर उभ्या पन्हळीही आहेत. मोजा! अशा देवळांच्या खांबांवर बहुधा 20 असतात, इथे 16च.

आता खरी गंमत. ओळखा पाहू, हा दगड आला कुठून? जवळच्या अग्रिलेझाच्या खाणीतून. बरं, आणि त्याच्याही आधी?

समुद्रातून!

खरंच! कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले जीव मेले की त्यांचे शिंपले, इवलीइवली कवचं तळाशी साचत. थरावर थर, थरावर थर! त्यांचा झाला चुनखडक. तो जमिनीत खोल गाडला गेला. तिथल्या उष्णतेनं आणि प्रचंड दाबानं त्याचा झाला संगमरवर. म्हणजे समुद्रदेवाचं देऊळ उभं आहे समुद्रातल्याच जिवांच्या कवचांवर!

आणि ते इतकं पांढरं कसं? अथेन्सच्या प्रसिद्ध पार्थेनॉन देवळाच्या दगडात थोडं लोह आहे, म्हणून तो वर्षानुवर्षांत सोनेरी झाला. सुनियोच्या दगडात लोह जवळजवळ नाहीच. म्हणून तो पांढराच राहिला!

घरी एक करून बघा. वाटीत अंड्याचं टरफल किंवा शिंपला ठेवा आणि वर व्हिनेगर ओता. बुडबुडेच बुडबुडे! टरफल, शिंपला, संगमरवर, तिघांतही मुख्य पदार्थ एकच: कॅल्शियम कार्बोनेट. पण घरातल्या संगमरवरी देव्हाऱ्यावर किंवा फरशीवर हा प्रयोग मुळीच करायचा नाही हं, डाग कायमचा राहतो!