रोग्याची वेदना कशी ओळखावी?

ज्याचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यास आपण विचारतों, "आतां बरें वाटतें ना?" प्रश्नांतच उत्तर घातलेलें, बिचारा "हो" म्हणतो. त्याऐवजीं, "कोठें दुखतें? ० पासून १० पर्यंत किती गुण द्याल?" असें विचारावें. गुण देण्याचा धंदा आम्हां मास्तरांचा. पण येथें रोग्याचाच आंकडा खरा, कारण वेदनेला दुसरा साक्षी नाहीं.

वाचा गेली असल्यास चेहरा पाहावा. कपाळावर आठी, कूस पालटतांना कण्हणें, एखादा अवयव जपणें, शांत माणसानें चिडणें हीं सारीं वेदनेचीं चिन्हें असूं शकतात. म्हातारपणचा हट्ट म्हणून तीं सोडून देऊं नयेत.

कर्करोगाच्या वेदनेसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालीं सूत्र घालून दिलें: औषध शक्यतों तोंडावाटे, आणि घड्याळाप्रमाणें द्यावें. दुखूं लागण्याची वाट पाहूं नये. तीव्र वेदनेस मॉर्फिन देतात. त्याच्या साध्या गोळीचा अंमल सुमारें ४ तास टिकतो. "अफूच ती, चटक लागेल," या भीतीनें घरचींच माणसें मात्रा चुकवितात, आणि रोगी रात्रभर तळमळतो! डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वेदनेपुरत्या घेतलेल्या मॉर्फिनचें व्यसन लागणें विरळा. मलावरोध मात्र बहुधा होतोच. सबब रेचक पहिल्याच दिवशीं मागून घ्यावें.

उशाशीं एक वही असावी. वेळ, आंकडा, दिलेली मात्रा आणि रात्रीं कितीदां जाग आली, हें तींत लिहावें. डॉक्टरांस मात्रा ठरवितांना तिचा फार उपयोग होतो.