हब उघडा, घाबरू नका!

पावसाळा संपला की जुन्या सायकलचं ओव्हरऑइलिंग करायचं, हा आमच्या घरातला नेम. दसऱ्याला हार घालायच्या आधी हब उघडलेच पाहिजेत. चाक हातात धरून आडवं हलवा. डुगडुगलं तर कोन सैल आहे. एक्सल बोटांनी फिरवताना खरखर जाणवली, तर आत पाणी शिरून ग्रीसचा चिखल झालाय.

एका बाजूचा चेकनट आणि कोन काढा, खाली जुनं फडकं अंथरून. (मी एकदा अंगणात उघडलं आणि निम्मे छर्रे फरशीच्या फटीत गेले.) छर्रे मोजून वाटीत ठेवा: साधारणपणे पुढच्या हबला एका बाजूला १०, मागच्याला ९, आणि मागचे मोठे, पाव इंची. सगळं रॉकेलने धुऊन कोन उजेडात धरा. छर्रे फिरतात त्या चकचकीत पट्ट्यावर खड्डे दिसले, तर कोन बदलाच. छर्रे मात्र नेहमी नवेच घाला, फार स्वस्त मिळतात. जुने-नवे मिसळू नका.

खरी कसोटी कोन बसवण्यात. फार आवळला तर छर्रे कोन खातात, सैल ठेवला तर चाक डुगडुगतं. त्यात चेकनट आवळताना कोनही फिरतो, म्हणून कोन पातळ पान्याने धरून ठेवावा लागतो. मला दर वेळी तीन-चारदा करावं लागतं. जमलं की चाक उचलून सोडा: व्हॉल्व्ह आपोआप सावकाश खाली येऊन थांबला पाहिजे.

तुमच्या हबवर स्प्रिंगच्या पट्टीखाली तेलाचं भोक आहे का? असेल तर फोटो टाका!