भार कोणत्या पायावर?

एका दिवाळी अंकातली कथा मी कधीच विसरलो. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसतं आणि ती माहेरी निघते, एवढंच डोक्यात राहिलं. तिच्याबरोबर छापलेलं चित्र मात्र हटत नाही. एसटी स्टँडवर बाई उभी आहे. तिनं एक पाऊल चपलेतून काढून दुसऱ्या पावलावर टेकवलंय आणि रिकामी चप्पल जराशी तिरकी पडलीय. कथेत चपलेचा उल्लेखसुद्धा नाही. अंक पुन्हा काढून खात्री केली. मग हे चित्रकाराला सुचलं कुठून? एका संपादक मित्राकडून नंबर मिळवून फोन केला. पलीकडे एक बाई बोलत होत्या. “सुचत वगैरे नाही हो. मंडईत या सकाळी. माझं नाव छापणार नसाल तरच या.”

पुण्यात स्केचबुक घेऊन मंडईत येणारा जो तो आधी मधला अष्टकोनी मनोरा काढतो. इमारत १८८६ची, तेव्हाचं रे मार्केट, आताची महात्मा फुले मंडई. दगड देखणा आहे, चित्र बरं येतं. या बाई मनोऱ्याकडे पाठ करून बसतात. “तो कुठं पळून जात नाही,” म्हणाल्या. बसायला पालथा क्रेट, शेजारी बटाटे-लसूण विकणाऱ्या मावशींचा गाळा. ओली पोती, मेथी आणि कालच्या कोबीचा वास. हातात तळव्याएवढी वही, छापखान्यातल्या उरलेल्या कापांची घरीच शिवलेली, आणि साधं बॉलपेन.

पेन्सिल का नाही, तर पेन्सिल आली की खोडरबर येतं आणि खोडत बसलं की माणूस निघून जातो. पेननं रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी ओढायची. पहिलीही राहू द्यायची.

मी बघत होतो ते मुख्यतः त्यांच्या डोळ्यांकडे. ते कागदावर फारसे येतच नव्हते. समोर एक हमाल पाठीवर पोतं घेऊन निघाला. बाईंनी आधी खांद्यांची एक तिरकी रेघ मारली, मग कमरेची, मग पोत्याचा ढोबळ गोळा. तोवर हमाल गर्दीत शिरला होता. चेहरा नाही, हात नाहीत, तरी तो माणूस ओझ्याखाली वाकून चाललाय हे दिसत होतं. कमरेतून पुढं झुकल्याशिवाय पोतं पावलांच्या वर येत नाही, आणि पोतं पावलांच्या वर आलं नाही तर माणूस उलटा पडेल. एवढं कागदावर उतरलं की नाकडोळे नंतर घरी बसून काढता येतात.

“आधी बघायचं भार कोणत्या पायावर आहे,” त्या म्हणाल्या. माणूस एका पायावर रेलून उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून गवंड्याचा ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पावलाजवळ येतो. उजव्या हातात जड पिशवी असेल तर धड डावीकडे कलतं आणि रिकामा हात आपसूक बाहेर फेकला जातो. हे ऐकल्यापासून मला रस्त्यावर कुणीही सरळ उभं दिसेनासं झालंय.

कागदाकडे न पाहता काढायची ही सवय त्यांना कॉलेजात लागली. किमोन निकोलाइडिस नावाच्या अमेरिकी शिक्षकाचं चित्रकला शिकवणारं पुस्तक १९४१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. त्याची झेरॉक्स वर्गात हातोहात फिरायची. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायची, पेन त्याच चालीनं, आणि खाली बघायचं नाही. येणारं चित्र वेडंवाकडं असतं. डोळा नाकाबाहेर जातो, हनुवटी छातीत. पण एखादा वळसा असा सापडतो की बघून काढताना आला नसता.

“किती कामाची निघतात यातली?” मी विचारलं.

“शंभरात चार.”

“मोजलीयत कधी?”

“मोजली तर दोनच निघतील. म्हणून मोजत नाही.”

शंभरात चार. हल्ली फोनवर स्केचबुकांची पानं उलटणारे व्हिडिओ दिसतात, त्यात प्रत्येक पान चौकटीत लावण्याजोगं असतं. उरलेली शहाण्णव ही मंडळी कुठं ठेवतात कोण जाणे. या बाईंची वही दाखवायला काढली तर बघणारा ओशाळेल. पानभर नुसत्या कोपरांच्या घड्या, पानभर पदर खोचलेल्या कमरा, सायकलच्या हँडलवर टेकलेले हात. मारिओ मिरांडांनी लहानपणापासून लिहाव्यात तशा चित्रांच्या डायऱ्या काढल्या, पुढं त्यांची पुस्तकं झाली. ते उदाहरण मी दिलं तर बाई हसल्या. “त्या वाचायच्या डायऱ्या. माझा हा फडताळातला साठा. लागेल तेव्हा काढायचा.”

घरी गेल्यावर तो साठा दिसला. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तारखा नाहीत, चिकटपट्ट्या आहेत: ‘वाट बघणारे’, ‘ओझी’, ‘बसलेल्या म्हाताऱ्या’, ‘पाय’. ‘पाय’ मी लगेच मागून घेतली. चपलेतून अर्धवट निघालेली टाच, एकावर एक ठेवलेली पावलं, अंगठ्यानं जमीन उकरणारा पाय. ती एसटी स्टँडवरची बाई तिथं नव्हती. तिचं एक पाऊल मिळालं, ते बँकेच्या रांगेतल्या एका पुरुषाचं होतं.

दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यात येतं. कथा दोनदा वाचायची, काड्यापेटीएवढ्या चौकटींत सात-आठ कच्चे आराखडे टाकायचे आणि कथेत जे ठळकपणे सांगितलंय ते सोडून द्यायचं. भांडण लेखकानं लिहिलंय ना, मग भांडण काढायचं नाही. पक्कं चित्र छपाईच्या दीडपट मोठं करतात, लहान होताना रेघ नेटकी होते. एक सावधगिरी: अंकाचा आतला कागद शाई पितो. सावलीच्या रेघा दाट मारल्या की छापताना एकमेकींत मिसळून काळा डाग होतो, म्हणून दोन रेघांमध्ये डोळ्याला जास्त वाटेल एवढी मोकळी जागा ठेवायची. रेघा टाकानं मारतात. दाबलं की जाड, सैल सोडलं की बारीक. नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो, त्यावर शाई ठरत नाही, थेंब होऊन घरंगळते. त्यावर बाईंचा उपाय कच्च्या बटाट्याचा. निब त्यात खुपसायची, बाहेर काढून पुसायची. टेबलावर दौतीशेजारी भोकं पडलेला बटाटा होता, मी आधी त्याला खाऊ समजत होतो.

एवढं करून चित्राचं मानधन किती, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही जोर केला नाही, कारण संध्याकाळी दारात चपलांचा ढीग झाला. घर चालतं ते शिकवणीवर. एलिमेंटरी, इंटरमिजिएटची मुलं. त्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो: बाजार, जत्रा, बसथांबा. पालकांना ग्रेड हवी असते, त्यामुळे बहुतेक क्लासांत एक भाजीवाली, एक फुगेवाला, एक पाठमोरा माणूस घोटून घेतला जातो आणि परीक्षेत तो जिथं तिथं उभा केला जातो. अशा मुलांच्या माणसांना दोन्ही पायांवर सारखाच भार असतो, खांबासारखा. बाईंचाही फुगेवाला फळ्यावर होताच. त्यांनी तो माझ्यासमोर पुसला नाही, लपवलाही नाही. फक्त एका मुलीला वर्गाच्या मधोमध उभं केलं, हातात भरलेली बादली दिली आणि म्हणाल्या, “काढा पटकन, ती दमायच्या आत.” मुलं खोडरबर शोधत होती.

दिनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढला, तेव्हा चित्रकार स्वतःच अंकाचा मालक-संपादक होऊ शकला. आता अनुक्रमणिकेत चित्रकाराचं नाव शोधायला चष्मा लागतो. शंभरात चार या हिशेबात शहाण्णव चित्रांची सकाळ कुणीच भरून देत नाही, हे माझं मत. बाईंनी अशी तक्रार एकदाही केली नाही. मंडईला जाणं त्यांना चहासारखं लागतं, असं त्यांच्याकडे बघून वाटतं.

पुन्हा एकदा त्यांच्याबरोबर मंडईत गेलो, तेव्हा बटाटेवाल्या मावशींनी वही ओढून घेतली. त्यांचंच चित्र होतं: मांडी घालून बसलेल्या, एका हातात तराजू, मान गिऱ्हाइकाकडं. मावशींनी वही लांब धरली, जवळ धरली.

“आणि बटाटे कुठायत?”

“राहिले, मावशी.”

“राहिले कसे? गिऱ्हाईक काय माझं तोंड बघायला येतं?”

बाईंनी वही परत घेतली आणि निमूटपणे ढीग काढायला बसल्या. वरचा बटाटा खालच्यांच्या खाचेत बसवला, एक घरंगळता ठेवला. मावशींनी पाहून मान डोलावली आणि गिऱ्हाइकाकडं वळल्या.

“हे चारातलं?” मी हळूच विचारलं.

“छे! बघा ना, हा ढीग आत्ता कोसळेल.” आणि त्यांनी पान उलटलं.