वाफेच्या वाटेतला वायू

पनवेलकरांना ओएनजीसी म्हटलं की आधी कॉलनी आठवते. फेज-टूमधल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ ऑइल अँड गॅस प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी’चं नाव मात्र गावातही फारसं कुणाच्या तोंडी नसतं. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९८४ साली ही संस्था उभी राहिली. तेल शोधणं हे तिचं काम नव्हे. सापडलेलं तेल विहिरीतून वर कसं आणायचं आणि नळांतून पुढे वाहतं कसं ठेवायचं, हा तिचा विषय.

इथल्या अभ्यासात वायू हा बहुतेकदा मित्रच असतो. मुंबई हायच्या बहुसंख्य विहिरी गॅस लिफ्टवर चालतात. केसिंग (विहिरीचं पोलादी अस्तर) आणि ट्यूबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) यांच्यामधल्या पोकळीत दाबाखालचा वायू सोडायचा. ठरावीक खोलीवर बसवलेल्या झडपांतून तो ट्यूबिंगमध्ये शिरतो, तेलाचा स्तंभ हलका होतो आणि एरवी अपुरा पडणारा तळाचा दाब त्याला वर ढकलतो.

जड तेल मात्र एवढ्याला दाद देत नाही. थंडीतल्या काकवीसारखं ते खडकातच अडून बसतं. त्याला ऊब लागते. म्हणून वाफ सोडायची. व्हेनेझुएलातल्या मेने ग्रांदे इथे १९५९ साली शेल कंपनीने असाच एक प्रयोग मांडला होता. सोडलेली वाफ जमीन फोडून वर आली, म्हणून दाब उतरवायला विहिरी उघडल्या, तर त्यांतून तेलच भरभरून आलं! वाफ सोडा, थांबा, त्याच विहिरीतून तेल काढा, ही आज रुळलेली पद्धत त्या फसलेल्या प्रयोगातून निघाली.

वाफेची खरी कमाई तिचं पाणी होताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेत असते, आणि वायू आडवा येतो तो नेमका इथेच. २० बार दाबाला शुद्ध वाफेचं पाणी होतं साधारण २१२ अंश सेल्सियसला. त्याच दाबात निम्मे रेणू नायट्रोजनचे असले, तर वाफेच्या वाट्याला १० बारच येतात आणि तापमान १८० अंशांवर उतरतं. शिवाय वाफेचं पाणी होऊन जातं, वायू मागे उरतो. थंड खडकाशी त्याचा थर साचत जातो आणि मागून येणाऱ्या वाफेला त्या थरातून वाट काढावी लागते. अर्धा टक्का हवासुद्धा उष्णतेचं वहन जवळपास निम्म्यावर आणते, हे डोनाल्ड ओथमर यांनी १९२९ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. वीजकेंद्रांतल्या कंडेन्सरमधून हवा सतत उपसत राहावी लागते, ती याचमुळे.

मग वायू नकोच? तसंही नाही. वरच्या आडव्या विहिरीतून वाफ सोडून खालच्या आडव्या विहिरीतून तेल काढण्याची पद्धत कॅनडात रुजवणारे रॉजर बटलर यांनीच पुढे वाफेत थोडा वायू मुद्दाम मिसळायचं सुचवलं. हा वायू वाफेने खडकात व्यापलेल्या कोठीच्या माथ्याशी जमतो, वरच्या निरुपयोगी खडकात वाया जाणारी उष्णता अडवतो आणि दाबही टिकवतो. कार्बन डायऑक्साइड तर तेलात विरघळून त्याला पातळ करतो. म्हणजे वायू माथ्याशी राहिला तर पांघरूण, तेलाच्या तोंडाशी साचला तर आडकाठी.

आपल्याकडे हा मामला गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बालोल आणि संथाल क्षेत्रांत पाहावा. तिथे बाहेरून वाफ सोडण्यापेक्षा भूगर्भातच तेलाचा काही भाग जाळण्याची वाट ओएनजीसीने धरली. बालोलचा पथदर्शी प्रयोग १९९० मध्ये सुरू झाला, १९९७ पासून व्यापारी काम. यात हवेबरोबर पाणीही सोडलं जातं. जळत पुढे गेलेल्या आगीमागच्या तापलेल्या खडकावर त्याची वाफ होते आणि ती पुढे सरकते. पण हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन. ऑक्सिजन जळाला तरी नायट्रोजन तसाच राहतो, शिवाय ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड. शुद्ध वाफ इथे मिळणारच नसते.

हा सारा वायू शेवटी तेलाबरोबरच वर येतो. तो वेगळा काढायचा, मोजायचा, त्यात ऑक्सिजन न जळता निसटून आलाय का ते तपासायचं. गंधकयुक्त जड तेल वाफेने दोनशे अंशांपुढे तापलं तर हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. तो विषारी असतोच, पोलादही खातो. विहिरीच्या तोंडाशी कोणत्या धातूची झडप बसवायची, हा प्रश्न मग वाफेच्या हिशेबाइतकाच मोठा होतो.