शिपाईगिरीचे हेतू : पेठचे बंड आणि कोळी पलटण (१८५७–१८६१)

युद्ध आणि राष्ट्रसंरक्षण यांविषयी जाहीर वाद सुरू झाला, की सैनिकाच्या हेतूचा प्रश्न त्यात हटकून उपस्थित होतो. एक पक्ष त्याला देशासाठी प्राण वेचणारा वीर म्हणतो. दुसरा पक्ष तो पोटासाठी बंदूक उचलणारा चाकर असल्याचे सांगतो. या दोन्ही पक्षांचे एका गृहीताविषयी मात्र एकमत असते. हेतू माणसाच्या अंतःकरणात आधीपासून सिद्ध असतो आणि भरती ही त्याची केवळ बाह्य खूण होय, असे दोघेही मानून चालतात. हे गृहीत तपासून पाहण्यास नाशिक जिल्ह्यातील पेठ, आणि तेथून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या रांगेने त्र्यंबक, अकोले व जुन्नरपर्यंत पसरलेला डोंगरी मुलूख, हे फार सोयीचे क्षेत्र आहे. कारण १८५७ च्या डिसेंबर महिन्यात या एकाच पट्ट्यातील माणसे इंग्रज सरकारविरुद्ध उठलीही, आणि त्याच सरकारच्या पलटणीत दाखलही झाली.

पेठ हे त्या काळी दळवी घराण्याचे एक लहान संस्थान होते. नाशिकहून सावळघाट ओलांडून गेले की जंगल, तुटलेल्या टेकड्या आणि नागली-वरईची उतारावरची शेते लागतात. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी व वारली यांची. कारभारावर इंग्रजांची देखरेख होती. पुढे १८७८ मध्ये बेगमेच्या मृत्यूनंतर हा मुलूख नाशिक जिल्ह्याचा पोटविभाग झाला. १८५७ च्या ५ डिसेंबरच्या रात्री त्र्यंबक येथील सरकारी खजिन्यावर हल्ला झाला, आणि त्याच्या पाठोपाठ, तेव्हा पेठ संस्थानात असलेल्या हरसूलचा बाजार लुटला गेला. उठाव थोड्याच दिवसांत मोडण्यात आला. संस्थानाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावास फाशी देण्यात आली. त्र्यंबकच्या प्रकरणात ठाकरांना एका ब्राह्मणाने चिथावले, असा सरकारी निष्कर्ष निघाला.

नेमक्या याच सुमारास कॅप्टन नटॉल हा अधिकारी या डोंगरांत कोळ्यांची एक पलटण उभारीत होता. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातील नांदूर-शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला होता. त्याची जागा नटॉलकडे आली, आणि भिल्लांचे पिढीजात प्रतिस्पर्धी म्हणून कोळी भरती करण्याचे ठरले. आरंभी शंभर माणसे घेण्यात आली. त्यांनी तलवारी व बंदुका आपल्याच आणल्या होत्या. पुढे ही संख्या सहाशेंवर गेली. गर्द हिरवे पागोटे, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत रक्तवर्णी धोतर आणि पायांत वहाणा असा त्यांचा वेष असे. तंबू नाहीत, बाजारबुणगे नाहीत. शिधा, दारूगोळा आणि स्वयंपाकाची भांडी आपसांत वाटून घेऊन हे लोक खडतर वाटेने दिवसाकाठी तीस-चाळीस मैल चालत.

भरतीची पद्धत येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नटॉलने एकेका शिपायाशी बोलणे केले नाही. तो कुळांच्या नाइकांकडे गेला, आणि जो जितकी माणसे आणील त्या प्रमाणात त्याला हुद्दा देण्याचे वचन त्याने दिले. बांबळे कुळाचा जावजी नाईक पलटणीचा प्रमुख झाला. राघोजी भांगऱ्याच्या एका भावास जमादारी मिळाली. हा राघोजी म्हणजे ज्याने या डोंगरांत सरकारला वर्षानुवर्षे झुंजविले आणि ज्याला १८४८ मध्ये ठाण्यास फाशी झाली, तोच. भाऊ फासावर गेल्यास दहा वर्षेही उलटली नव्हती. या जमादाराचा ‘हेतू’ कोणत्या सदरात घालावा? राजनिष्ठा म्हणणे हास्यास्पद होईल. केवळ पगार म्हणणेही अपुरे ठरेल. कुळाचा मान, नाईकपणाला सरकारी हुद्द्याची मिळालेली जोड, बंडखोराच्या घराण्यावरचा पोलिसांचा संशय दूर होण्याची आशा आणि भिल्लांशी असलेले जुने वैर, एवढी सारी कारणे त्या एका पदात एकत्र आलेली दिसतात.

भागोजी नाईकाचे उदाहरण याच्या उलट दिशेने जाणारे आहे. तो पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. १८५५ मध्ये दंगा केल्याबद्दल व पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. पुढे हत्यारे काढून घेण्याचा सरसकट हुकूम निघाला, आणि भागोजीने गाव सोडले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळ मिठसागर येथे फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना तो पडला. सरकारने ज्याची हत्यारे मागितली तो बंडखोर झाला, आणि ज्याला आपली हत्यारे घेऊन येण्यास सांगितले तो शिपाई झाला. दोघांच्या शौर्यात फरक होता असे कोणत्याही कागदावरून दिसत नाही.

फरक दिसतो तो नोंद करणाऱ्याच्या भाषेत. मुंबई गॅझेटियरचा नाशिकचा खंड १८८३ मध्ये आणि अहमदनगरचा १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील वर्णनानुसार कवायत लीलया शिकणारा पलटणीतील कोळी हा जन्मजात शिपाई ठरतो. बंडातला ठाकर किंवा कोळी मात्र कोणा तरी हुशार माणसाच्या चिथावणीला भुललेला असतो. म्हणजे निष्ठा ही रक्तातून येते आणि बंड हे बाहेरून येते. ही विभागणी निरागस नाही. तिच्यामुळे पेठच्या रानातील माणसास स्वतःची तक्रार असू शकते, ही शक्यताच चर्चेतून बाद होते. शिवाय नाइकांशी झालेल्या सौद्याची हकीकत त्याच पानांवर नमूद आहे. जन्मजात शिपायास हुद्द्यांचे आमिष का दाखवावे लागले, हा प्रश्न लेखकाला पडलेला दिसत नाही.

याच ‘जन्मजात’ शब्दाने पुढे लढाऊ जमातींच्या सिद्धान्ताचे रूप घेतले, आणि त्याचा सर्वांत कठोर फटका महाराष्ट्रात महारांना बसला. अनेक पिढ्या कंपनीच्या व बादशाही फौजेत नोकरी केलेल्या या समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्याविरुद्ध अर्ज केले. या अर्जांत शिपाईगिरी हा चरितार्थ आहे आणि माणूसपणाचा दाखलाही आहे. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये स्थापन झाली. गरज असेल तेव्हा जन्मजात गुण आठवावा आणि गरज सरली की विसरावा, असा हा क्रम होय.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी हा वाद अगदी उघडपणे झाला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी सैन्यभरतीच्या सहकार्याला स्वराज्याची जोड देताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडविले, आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. हिंदी तरुणांना अधिकाऱ्यांच्या जागा मिळतील असे वचन गांधींनी मिळविल्यास महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, असे म्हणून टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजारांची हुंडी हमीदाखल पाठविली. मदत ही सौद्याची बाब नव्हे, या भूमिकेने गांधींनी ती परत केली. तत्त्वाच्या दृष्टीने गांधींचे म्हणणे उंचावरचे असेल. पण टिळकांनी मागितले तेच जावजी नाईकाने साठ वर्षांपूर्वी मागितले होते आणि मिळविलेही होते. शिपाई देणाऱ्याने अटी घालाव्यात यात हीन काही नाही, हे या डोंगरी नाइकांना केसरीकारांच्या आधी कळले होते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

अटी घालता येतात त्या मात्र गरज असेपर्यंतच. मार्च १८६१ मध्ये कोळी पलटण मोडली. काही थोडे पोलिसांत गेले. बाकीचे पुन्हा शेतीकडे आणि मजुरीकडे वळले. गॅझेटियर याचा उल्लेख पलटणीच्या शिस्तीचा पुरावा म्हणून करते. पण ज्या शेतीकडे ते परतले ती सावकाराकडे गहाण पडत होती. पुढील दशकात जुन्नरच्या बाजूस होन्या भागोजी केंगले या कोळ्याने सावकारांविरुद्ध टोळी उभारली. सावकारांची नाके कापण्याबद्दल ती कुप्रसिद्ध झाली. होन्या १८७६ मध्ये पकडला गेला. कोळ्यांना कवायत आणि हुद्दा मिळाल्याने हे डोंगर शांत राहिले, असे ज्या गॅझेटियरने समाधानाने लिहिले, त्यानेच ही हकीकतही दिली आहे.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेत शिपायाची मुदत चार वर्षांची ठरली, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांस पुढे कायम करण्याची तरतूद झाली. त्या वेळी देशभर निघालेल्या निदर्शनांवर पुन्हा तोच आक्षेप घेण्यात आला : ज्यांना देशाची सेवा करावयाची आहे ते निवृत्तिवेतनाचा हिशेब का करतात? कोळी पलटण साडेतीन वर्षांहून कमी काळ टिकली. तिच्यातील शिपायांना हा प्रश्न कोणी विचारल्याची नोंद नाही. १८६१ च्या पावसाळ्यापूर्वी ते आपापल्या गावी पोहोचले होते, आणि नागलीच्या पेरणीसाठी बियाणे कोठून आणावे हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.