जपानी कुळांची जमीन : एक प्रश्न, तीन शास्त्रे

चीन, जपान, कोरिया या देशांतील आजचा समाज, राजकारण आणि अर्थकारण यांचा एकत्र अभ्यास करून एम.ए. होता येते. दिल्ली विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र विभागच आहे. कोणी विचारील, ही तीन शास्त्रे एका दावणीला कशाला बांधायची? एक उदाहरण घेऊ. ते कुळांचे आहे, तेव्हा आपल्याला परके वाटणार नाही.

१९४५ साली लढाई संपली, तेव्हा जपानातील लागवडीची सुमारे ४६ टक्के जमीन कुळे कसत होती. भाताचा निम्म्याच्या आसपास वाटा खंडापोटी मालकाकडे जाई. १९४६ साली, अमेरिकी अंमलाखाली, नवा कायदा झाला. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळाकडील सगळी जमीन सरकारने घेतली. गावात राहणाऱ्याला कुळाकडील साधारण अडीच एकर ठेवता आली. होक्काइदो बेटावर मात्र दहा. घेतलेली जमीन कुळांना विकली. १९५० पर्यंत कुळांकडची जमीन सुमारे १० टक्क्यांवर आली.

गरीब कुळाने पैसे कोठून आणले? अर्थशास्त्र सांगते : किंमत कायद्याने ठरलेली राहिली आणि महागाई भडकली, म्हणून हप्ते हलके झाले.

मालकाच्या दबावापुढे कुळ टिकले कसे? समाजशास्त्र गावात शिरते. गावोगावी निवडलेल्या समित्या होत्या. त्यांत पाच कुळे, तीन जमीनदार आणि दोन स्वतः कसणारे मालक असत. दप्तर पुढ्यात, आणि माणसे एकमेकांना ओळखणारी! लपवाछपवी अवघड झाली.

आणि पुढे काय झाले? इथे राज्यशास्त्र लागते. नवा मालक शेतकरी पुराणमतवादी पक्षांचा मतदार झाला. १९५५ साली स्थापन झालेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९९३ पर्यंत सलग सत्तेवर राहिला, त्यात खेड्यांतील मतांचा वाटा मोठा. सरकारही तांदूळ चढ्या भावाने घेई.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५२ च्या कायद्याने जमिनीच्या हस्तांतरावर कडक बंधने आली. शेते लहानच राहिली, आणि मुले कारखान्यांकडे गेली. २०२० च्या शेतीगणनेत मुख्यतः शेती करणाऱ्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे निघाले. जमीन घरात राहिली, पण कसणारे हात म्हातारे झाले. नुसता कायदा वाचून किंवा नुसते आकडे पाहून हे सारे कळत नाही. म्हणून तिन्ही शास्त्रे हवीत, आणि त्यांच्या जोडीला तिथली भाषाही.

आपल्याकडे १९४८ च्या मुंबई कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवसापासून कुळाला मालक मानण्यात आले. हा कायदा जेथे लागू होता, तेथील शिक्षकांनी गावचे जुने फेरफार मुलांना अवश्य दाखवावेत. कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली? आज ती कोण कसतो? हे दोन प्रश्न मुलांनी घरी वडीलधाऱ्यांना विचारले, की जपानचा धडा त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.