धाराशिव कायद्याने स्वतंत्र कधी झाले?

आपल्या जिल्ह्यात स्वातंत्र्याचे झेंडावंदन दोनदा होते, १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला. पण अधिकारांचा प्रश्न असेल तर २६ जानेवारी १९५० ही तारीख आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते.

ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने भारत आणि पाकिस्तान ही दोन राष्ट्रे निर्माण झाली. त्याच कायद्याच्या कलम ७ ने संस्थानांवरील ब्रिटिशांचे अधिराज्य संपवले. म्हणजे १५ ऑगस्टला सोलापूर भारतात होते, पण शेजारचा तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्याच राज्यात राहिला. निजामाला स्वतंत्र राहायचे होते.

बाबासाहेबांनी जून १९४७ मध्येच याला कायदेशीर उत्तर दिले होते. अधिराज्य असे हवेत विरत नाही, ते भारताकडे येते; संस्थानांनी भारतात सामील व्हावे, असे त्यांनी बजावले. नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या अस्पृश्य बांधवांना त्यांनी सांगितले, निजामाची बाजू घेऊ नका.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तो टिकला नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या लातूरचा वकील. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली.

त्यानंतरच्या हिंसेत अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची नोंद केली. रझाकारांचे अत्याचार सांगताना हेही सांगायला हवे.

निजामाची गादी मात्र लगेच गेली नाही. कारभार लष्करी राज्यपालाकडे होता. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताचे संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते इथे लागू झाले. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. निजाम राजप्रमुख झाला, पण आता तोही संविधानाने बांधलेला होता.

फौजेने सत्ता बदलली. माणूस म्हणून अधिकार दिले ते संविधानाने. यंदा १७ सप्टेंबरला भाषण करणाऱ्या तरुणांनी हा फरक गावात नक्की सांगावा.

जयभीम!